माझ्या पायाचे स्केट्स

माझे पाय वडिलांवर गेले आहेत. नाक आईचं, रंग आईचा, गणिताची आवड कुणाकडून आली ते ठाऊक नाही. पण घोट्याखाली मी पूर्ण वडिलांची. बोटांकडे पसरट, टाचेकडे निमुळता आणि वरून चांगला उंच उठलेला पाय. करंगळीच्या मुळाशी हाडाचं एक टेंगूळ. वडनेर भोलजीच्या आमच्या शेतात ओलीत चालू असलं की वडील अनवाणी बांधावरून फिरायचे आणि चिखलात त्यांचा पाय उमटायचा. शेजारी माझा, तसाच, फक्त लहान. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा. चपलांच्या दुकानात जायची वेळ येऊ लागली तसा तो कमी होत गेला.

शाळेत मी खो-खो खेळायचे. अनवाणीच खेळायचे, त्यामुळे पायाची काही अडचण नव्हती. उलट मातीत तो पसरट पाय असा घट्ट बसायचा, की वळताना कधी घसरले नाही. पुढे नांदुऱ्याला कॉलेजात गेले, संघात निवड झाली, आणि सगळ्यांना एकसारखे कॅनव्हासचे बूट मिळाले. पहिल्याच आठवड्यात दोन्ही करंगळ्या सोलून निघाल्या. एक नंबर मोठा मागून घेतला, तर टाच निघून यायची. सरांनी काही मला काढलं नाही. मीच जाणं हळूहळू बंद केलं. घरी अभ्यासाचं कारण सांगितलं आणि ते सगळ्यांना पटलं.

लग्नातही तेच. आईने हौसेने सोनेरी सँडल घेतले होते. स्वागत समारंभात मी ते सोफ्याखाली काढून ठेवले आणि तीन तास साडीचा घोळ पायांवर पसरून उभी राहिले. नवऱ्याच्या ते लक्षात आलं होतं. घरी जाताना तो वाकून म्हणाला, "सोफ्याखालचं इथंच ठेवायचं हाये का संग न्यायचं?" त्याच्याशी माझं जमेल असं मला तेव्हाच वाटलं.

शेगावला आले, शाळेत गणित शिकवायला लागले आणि पुढून उघडी, पट्ट्यांची एकाच प्रकारची चप्पल घालत राहिले. झिजली की तशीच दुसरी. पायांचा विचार करायचं मी सोडूनच दिलं होतं.

मग माझी मुलगी स्केटिंग शिकायला लागली.

आमच्या शाळेच्या मागे सिमेंटचं एक मोठं मैदान आहे. दर रविवारी सकाळच्या गाडीने अकोल्याहून एक पंचविशीतली मुलगी येते आणि तिथे मुलांना रोलर हॉकी शिकवते. स्वतः खेळाडू आहे. मुलं तिला मॅडम म्हणतात, म्हणून आम्ही आयाही मॅडमच म्हणायला लागलो. चाकं एका ओळीत असलेले स्केट्स, हातात काठी, मध्ये टणक चेंडू. मुलं नुसती सुसाट इकडून तिकडे. आम्ही चार-पाच आया पायऱ्यांवर बसून मेथी निवडायचो, गप्पा मारायचो, कुणी पडलं की उठून बघायचो.

एका रविवारी गोलात गोलकीपर म्हणून उभी राहणारी मुलगी आली नाही. मॅडमने पायऱ्यांकडे बघून विचारलं, "कुणी नुसतं उभं राहील का? चेंडू हलकाच मारायला सांगते."

बाकीच्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मी मेथी बाजूला ठेवली आणि गेले. चपलेवरच. हलकाच मारायचं असं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. पहिला चेंडू डावीकडून आला, आणि मी काही ठरवायच्या आत माझा पाय तिकडे गेलेला होता. चेंडू अडला. अंगठा झणझणला. पण अंगात काहीतरी जुनं जागं झाल्यासारखं वाटलं. दुसरा अडवला, तिसरा सुटला, चौथा अडवला. माझी मुलगी काठी टेकवून माझ्याकडे बघतच राहिली.

"काय खेळायच्या तुम्ही?" मॅडमने नंतर विचारलं.

"खो-खो. खूप वर्षांपूर्वी."

"दिसतंय. मग स्केट्स का नाही घालत? आयांचा एक गट करू. अकोल्यात आहे माझ्याकडे असा."

मी ते हसण्यावारी नेलं. पण त्या आठवड्यात फळ्यावर वर्तुळाचं प्रमेय लिहितानाही माझं मन त्या मैदानावर होतं. पुढच्या रविवारी मॅडमने स्वतःची जादा जोडी आणली. मी पायरीवर बसून पाय घालायला गेले, तर तो अर्ध्यातच अडला. जोर लावला तेव्हा करंगळीकडून अशी कळ आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिचा पाय लांबट, सडपातळ. "नंबर तर एकच आहे आपला," ती म्हणाली. खरंच एकच होता. मला नांदुऱ्याच्या कॅनव्हासच्या बुटांची आठवण झाली.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. मी स्केट्स घालणार याचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांच्या मते बाईमाणसाने हातपाय हलवत राहिलेलं बरं. नंबराबाबत मात्र त्यांचं मत ठाम होतं.

"एक नंबर मोठा घेजो. दोन घेतला तरी चालते. पाय मोकळा राह्यला पाह्यजे." माझ्या नवऱ्याचे शाळेचे सगळे बूट त्यांनी असेच घेतले होते. "ह्या पोट्ट्याले कधी चावला का बूट? इचार त्याले."

"चावला नाही," नवरा पेपरमधून म्हणाला, "निघून पडे."

मी ऑनलाइन एक नंबर मोठी जोडी मागवली. खोकं आलं तेव्हा घरात सण असल्यासारखं झालं. काळे, निळ्या पट्ट्यांचे, नवे करकरीत. पाय सहज आत गेला. कुठे दुखलं नाही, कुठे रुतलं नाही. मी खुर्चीवर बसून पाय पुढे-मागे करत राहिले आणि सासूबाई विजयी चेहऱ्याने चहा टाकायला गेल्या.

मैदानावर उभी राहिले आणि सगळं बिघडलं. बूट एकीकडे जात होता आणि पाय दुसरीकडे. पाऊल रेटलं की टाच आत वर उचलली जायची. घोटा आतल्या बाजूला पडायचा. बूट सुटू नये म्हणून माझी बोटं आपोआप आतल्या तळाला पकडून बसायची, आणि दहा मिनिटांत तळपायात गोळे यायचे. दोन मोजे घातले. पुढे कापूस भरला. लेस इतकी आवळली की पायाच्या वरच्या हाडावर काळं-निळं झालं. तिसऱ्या रविवारी वळताना अशी आपटले, की पायऱ्यांवरच्या सगळ्या जणी धावत आल्या.

मॅडमने माझा बूट मागून धरला. "उठून पुढच्या बाजूला जोर द्या बरं."

मी दिला.

"बघा, टाच वर येते. पाय आत तरंगतोय तुमचा."

"पण पुढे आता बरं वाटतंय ना. दाबत नाही."

"पुढे जागा लागते तुम्हाला, ती मिळाली. पण तिच्याबरोबर लांबी आली, टाच ढिली झाली. तुम्हाला मोठा बूट नको होता, रुंद हवा होता." ती मैदानावरच मांडी घालून बसली. "माझी चूक झाली. आधीच सांगायला हवं होतं."

ती जोडी आमच्यातल्याच एका आईला दिली. तिचा पाय लांब, सपाट. तिने ती घातली, उभी राहिली आणि चालायला लागली. अक्षरशः तशीच. मला आनंद झाला, आणि थोडं वाईटही वाटलं. मी पुन्हा पायऱ्यांवर बसायला लागले. मुलीने एकदाच विचारलं, "आई, आता तू नाही खेळणार?" मी म्हटलं, बघू. तिने मान हलवली. त्या मान हलवण्यात विश्वास नव्हता.

मॅडमने मात्र सोडलं नाही. नागपूरला तिच्या ओळखीच्या एक बाई होत्या. पूर्वी खेळायच्या, आता स्केट्स विकायच्या, दुरुस्त करायच्या. "त्यांना तुमच्या पायाचा आकार पाठवा. संध्याकाळी, उभं राहून, दोन्ही पायांवर भार देऊन कागदावर काढा. सकाळी नको. संध्याकाळी पाय थोडा फुगलेला असतो, तो खरा."

त्या शनिवारी मी माहेरी गेले होते. तूर काढणीला आली होती, घरात सगळीकडे तिचा वास. दिवेलागणीला ओसरीवर मी जुना पेपर पसरला, त्यावर उभी राहिले आणि वाकून स्वतःचाच पाय आखायला लागले. वाकलं की भार बदलायचा, रेघ वाकडी जायची. वडील खाटेवर बसून बघत होते.

"काऊन वं, पाय कायले आखून राह्यली?"

मी सांगितलं. स्केट्स, टाच, करंगळी, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं, मग खाली उतरले, पेन माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाले, "तू सरळ उभी राह्य. मी काढतो."

सत्तरीचा माणूस माझ्या पायाशी बसला आहे याचा मला संकोच वाटला, पण त्यांना नाही. पेन सरळ धरून त्यांनी सावकाश दोन्ही पाय आखले. करंगळीच्या टेंगळापाशी पेन थांबलं. त्यांनी बोट लावून बघितलं आणि हसले.

"हे माहं हाये."

मग मी त्यांना उभं केलं आणि त्यांचा पाय आखला. दोन कागद एकावर एक ठेवून दिव्यापुढे धरले. त्यांचा लांबीला मोठा, पण वळण तेच. टेंगूळ तिथेच.

आई आतून म्हणाली, "बापलेकीचं काय चालू हाये?"

"फोटो काढून राह्यलो पायाचा," वडील म्हणाले.

जेवताना त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मी कधी ऐकली नव्हती. ते तरुणपणी एक वर्ष खामगावला कॉलेजात होते हे मला माहीत होतं. तिथे ते कवायतीत होते हे माहीत नव्हतं. "कवायत मले लय आवडे," ते म्हणाले. "आवाज कडक होता माहा, मास्तर पुढं उभं करत. मंग बूट आले. असे कडक बूट, पाय जाईचना. घातले तं चालता येईना. मी मागच्या रांगेत गेलो, मंग घरी आलो."

"तुम्ही सांगितलं नाही कुणाला?"

"काय सांगू? मले वाटे माहा पायच चुकीचा हाये."

मी भाकरीचा तुकडा हातात घेऊन बसले. माझ्या करंगळ्या सोलल्या होत्या तेव्हा मलाही अगदी हेच वाटलं होतं, आणि हा माणूस तेव्हा शेजारच्या खोलीत होता. आम्ही दोघांनीही एकमेकांना काही सांगितलं नव्हतं.

"नागपूरले मीही येतो," ते अचानक म्हणाले. "बहिणीले भेटून लय दिवस झाले."

आत्या नागपूरला असते. पण आत्याला भेटायचं त्यांनी असं कधी जेवता जेवता ठरवलं नव्हतं.

संक्रांत झाल्यावर आम्ही शेगावहून सकाळच्या गाडीने निघालो. वडिलांच्या पिशवीत आत्यासाठी घरची डाळ, तीळ आणि वाळलेल्या मिरच्या. गाडीभर मिरचीचा ठसका. समोरच्या बाकावरच्या बाई शिंकत होत्या आणि वडील त्यांची माफी मागत होते, पण पिशवी काही खाली ठेवत नव्हते.

दुकान म्हणजे घराची पुढची खोली होती. भिंतीला फळ्या, फळ्यांवर स्केट्स, जुने-नवे, चाकं काढलेले, चाकं लावलेले. कोपऱ्यात ओव्हनसारखी एक पेटी. बाई पन्नाशीच्या, केस कापलेले, चष्मा कपाळावर. त्यांनी वडिलांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि माझा कागद टेबलावर काढला. मी फोनवर पाठवलेला फोटो त्यांनी मोठा करून छापून घेतला होता.

"तुमचा पाय रुंद आहे असं तुम्ही लिहिलंय," त्या म्हणाल्या. "नुसता रुंद असता तर सोपं होतं. पुढून रुंद, मागून बारीक, वरून उंच. बसा, घालून बघू."

त्यांनी माझा चपलेचा नंबर विचारला आणि त्याहून लहान जोडी काढली.

"लहान?"

"स्केटचा नंबर चपलेपेक्षा लहानच असतो. सरळ उभ्या राहाल तेव्हा अंगठा पुढे अगदी हलका टेकला पाहिजे. गुडघे वाकवले की तो मागे यायला हवा. नाही आला तर सांगा."

पहिल्या जोडीत अंगठा मागे आला, पण करंगळी मेली. दुसऱ्यात करंगळी खूश, टाच मोकळी. तिसऱ्यात त्यांनी लेसच्या भोकांवर आडवी पेन्सिल ठेवली आणि मान हलवली. पेन्सिल माझ्या पायाला टेकत होती. "उंची कमी पडते. हे घालून वाकलात तर पायाच्या वर रग लागेल." मला तो काळा-निळा डाग आठवला आणि मी लगेच काढले.

वडील आधी लांबून बघत होते, मग खुर्ची जवळ घेतली. प्रत्येक जोडी काढली की ते बुटात हात घालून आत चाचपायचे. बैलाच्या मानेवर जू ठेवायच्या आधी ते असंच हाताने चाचपून बघायचे. ते मी लहानपणापासून बघितलेलं आहे.

"इथं शिवण टोचते," ते एका बुटाबद्दल म्हणाले. बाईंनी हात घालून बघितलं. "हो, टोचते. पण त्याचं काही करता येतं. टाच ढिली असेल तर काही करता येत नाही."

मग त्या आत गेल्या आणि एक जुनी जोडी घेऊन आल्या. काळे, टोकाला खरवडलेले, लेस बदललेली. एका खेळाडू मुलाचे होते. त्याचा पाय वाढला म्हणून परत केलेले. कंपनीने रुंद पायांसाठीच काढलेली जोडी, पण टाचेचा कप आवळ. दिसायला आतापर्यंतच्यात सगळ्यात वाईट.

मी पाय घातला. टाच मागे ठोकून बसवली. बाईंनी खालून वर हळूहळू लेस ओढली. मी उभी राहिले, आणि टाचेला कुणीतरी हाताच्या मुठीत धरल्यासारखं वाटलं. बोटं पुढे पसरली. पसरून आरामात बसली. गुडघे वाकवले, अंगठा मागे आला. बोलले तर ते नाहीसं होईल असं वाटलं.

"कसं हाये?" वडिलांनी विचारलं.

"करंगळीचं टेंगूळ थोडं दाबतंय. बाकी..." मी पुन्हा गुडघे वाकवून बघितले.

"टेंगळाचं मी बघते," बाई म्हणाल्या. त्यांनी बुटावर खडूने खूण केली, चाकं काढली आणि बूट त्या पेटीत ठेवले.

वडील ताडकन उभे राहिले. "बाप्पा! भट्टीत कायले टाकले?"

"काका, मऊ करायला. गरम झाले की त्यांच्या पायाचा आकार घेतील."

"जळतीन नं."

"नाही जळत." त्यांना हसू आवरत नव्हतं. "तुम्ही बसा. तोवर तुम्हीही एक घालून बघता का?"

मला वाटलं वडील हसून टाळतील. त्यांनी चप्पल काढली. धोतर थोडं वर घेतलं आणि पाय पुढे केला. बाईंनी फळीवरून एक मोठा, रुंद बूट आणला, वडिलांनी त्यात पाय घातला. गेला. सहज गेला. त्यांनी खाली बघितलं, पाय हलवून बघितला, मग दुसऱ्यासाठी हात पुढे केला. दोन्ही बूट घालून ते खुर्चीवर बसले. त्या बुटांना चाकं होती, त्यामुळे पाय जरा पुढे-मागे सरकत होते आणि ते दोन्ही हातांनी खुर्ची धरून होते.

"उभं राहू का?"

"बाबा, नको," मी म्हटलं.

"दोघी धरा मले. मंग काय होते?"

आम्ही दोन बाजूंनी धरलं आणि ते उभे राहिले. फळीला एक हात टेकवून, पाठ सरळ करून. समोर रस्त्याकडे बघत. मला त्यांची कवायत आठवली, म्हणजे मी न पाहिलेली. मग चाकं सरकायला लागली आणि आम्ही त्यांना बसवलं.

"चावत नाही," त्यांनी बाईंना सांगितलं, एखाद्या मोठ्या कामाचा निकाल द्यावा तसं. "चांगला माल हाये तुमचा."

गरम झालेले बूट घालून मला बसवून ठेवलं. पायाला ऊब लागली, बुटाच्या भिंती सगळीकडून हळूच जवळ आल्या. खडूच्या खुणेच्या जागी बाईंनी एका हत्याराने आतून बाहेर दाब दिला. बूट थंड झाल्यावर मी पुन्हा उभी राहिले, आणि करंगळीला काहीच जाणवलं नाही. वीस-पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी घट्ट बसलेल्या बंद बुटात उभी होते आणि मला करंगळीची आठवण येत नव्हती.

आत्याकडे गेलो तेव्हा दुपार टळली होती. तिने भरल्या वांग्याची भाजी केली होती आणि उशीर झाला म्हणून रागावली होती. वडिलांनी मिरच्या काढून दिल्या आणि राग गेला. जेवण झाल्यावर तिने बूट उचलून बघितले. "हे काय वं, चाकाचे? तू घालणार? ह्या वयात?"

"तुझ्या भावानेही घातले आज," मी म्हटलं.

आत्या भावाकडे बघायला लागली. वडिलांनी सुपारी कातरता कातरता सांगितलं, "उभा राह्यलो, बास. फिरलो नाही."

नव्या बुटांची सवय व्हायला वेळ लागला. मॅडमने एकच पातळ मोजा घालायला सांगितला; सासूबाईंना ते मुळीच पटलं नाही. थंडीच्या दिवसांत त्या मला रोज लोकरीचे मोजे आणून द्यायच्या आणि मी रोज ते पुन्हा कपाटात ठेवायचे. जुने, दुसऱ्याने वापरलेले बूट घरात आणले याबद्दलही त्यांचं काही म्हणणं होतं. त्यांनी ते एक दिवस गच्चीवर उन्हात ठेवले आणि आतून तुरटीच्या पाण्याने पुसले. मग त्यांचं म्हणणं संपलं. सुरुवातीला घरातच, स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत, भिंत धरून मी फेऱ्या मारायचे. फरशीला चाकांचे डाग पडले. ते मीच पुसायचे.

मैदानावर आता आम्ही सहा जणी आहोत. माझे जुने मोठे बूट घेतलेली ती आई सगळ्यात वेगवान निघाली. मी गोलात उभी राहते. स्केटवर बाजूला सरकायचं, एक गुडघा टेकवायचा, पुन्हा उठायचं, हे शिकायला उन्हाळा गेला. पडले खूप. पण पडले ती माझ्या चुकीने, बुटाच्या नाही, आणि तो फरक मला मनापासून आवडतो. चूक माझी असेल तर ती सुधारता येते. वर्गात मुलांना मी हेच सांगते.

नवीन आया येतात, त्या आधी मला विचारतात. मग मी त्यांना संध्याकाळी कागदावर पाय काढायला सांगते. पाय किती प्रकारचे असतात हे मला आता कळलं. कुणाचं अंगठ्याजवळचं बोट लांब, कुणाचा तळवा सपाट, कुणाचा एक पाय दुसऱ्याहून मोठा. जिचा एक पाय मोठा आहे तिला वाटतं की तिच्यातच काही बिघाड आहे. मी तिला म्हणते, मोठ्या पायाच्या मापाचा बूट घे, लहान पायाच्या बुटात जाड तळ घाल. तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी येतं.

मागच्या महिन्यात आम्ही अकोल्याला सामना खेळायला गेलो. मॅडमच्या दुसऱ्या गटातल्या आयांशी. आमच्याहून त्या सरावलेल्या, उंच, आवाज करणाऱ्या. आम्ही हरलो. मी बरेच चेंडू अडवले आणि बरेच सोडलेही. शेवटचा चेंडू माझ्या दोन पायांच्या मधून गेला, आणि सगळं मैदान हसलं, मीसुद्धा.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली. बायकांनी डबे उघडले. कुणाकडे धिरडी, कुणाकडे ठेचा, माझ्याकडे सासूबाईंनी दिलेल्या पुऱ्या. माझी मुलगी समोर बसून मला समजावत होती की चेंडू जवळ आला की मी गुडघे जरा उशिराच मिटते. तिने बोटांनी दाखवलं, किती उशिरा. मी ऐकत होते. तिचं म्हणणं बरोबर होतं. खिडकीतून कापसाच्या शेतांवरून आलेला कोरडा वारा आत येत होता. मी आणखी एक पुरी घेतली आणि मुलीला म्हटलं, पुन्हा सांग, सावकाश सांग.